टीममध्ये सहकार्य वाढवायचे असेल, तर आधी कामाची मांडणी तपासा

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काय किंवा हिंजवडीच्या कार्यालयांत काय, टीममध्ये कुरबुरी वाढल्या की व्यवस्थापनाला लोणावळ्याची सहल किंवा बाहेरून बोलावलेला वक्ता आठवतो. सहल अवश्य काढावी, लोकांना ती आवडते. परंतु सोमवारी कामावर आल्यावर दोन विभाग पुन्हा एकमेकांकडे बोट दाखवू लागले, तर दोष बहुधा कामाच्या मांडणीत असतो आणि टीम लीडरने तो तेथेच शोधावा.

प्रथम, कोणाचे काम कशावर मोजले जाते हे एका कागदावर लिहून काढावे. प्रॉडक्शनला नगांची संख्या विचारली जाते, क्वालिटीला रिजेक्शन आणि मेंटेनन्सला मशीन किती वेळ बंद होते ते. मग महिनाअखेरीस मेंटेनन्सने देखभालीसाठी मशीन मागितले की प्रॉडक्शन ते देत नाही आणि क्वालिटीने माल अडवला की भांडण होते, कारण प्रत्येक जण स्वतःच्या मोजमापाप्रमाणे अगदी बरोबर वागत असतो. गुणवत्तातज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या 14 सूत्रांत विभागांमधील भिंती पाडण्याचे एक स्वतंत्र सूत्र आहे, ते याचसाठी. तिन्ही विभागांना मिळून ‘वेळेवर रवाना झालेला निर्दोष माल’ असे एकच उद्दिष्ट द्यावे आणि वार्षिक अप्रेझलमध्ये त्याला खरोखर जाणवेल इतके वजन ठेवावे.

मात्र केवळ सामूहिक उद्दिष्टावर विसंबून राहू नये. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमन यांनी दोर ओढण्याच्या प्रयोगांवरून 1913 मध्ये दाखवून दिले, की ओढणारे वाढतात तसा माणशी जोर कमी होतो. आपल्या वाट्याचे काम वेगळे दिसणार नाही, हे लक्षात आले की माणूस हात आखडता घेतो. म्हणून उद्दिष्ट सर्वांचे असले तरी फळ्यावरील प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव असावे; ‘सर्वांनी लक्ष द्यावे’ असे लिहिलेल्या कामाकडे कोणीच पाहत नाही.

सहकार्याची खरी परीक्षा शिफ्ट बदलताना होते. दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरने शेवटच्या तासात इन्सर्ट (मशीनचे कापणारे पाते) बदलला, ऑफसेट (मशीनवरील मापाची सेटिंग) थोडा सरकवला आणि कंपनीची बस सुटेल म्हणून तो घाईने निघून गेला, तर तिसऱ्या शिफ्टवाल्याचे पहिले काही नग मापाबाहेर जातात आणि त्याचा राग मात्र निघून गेलेल्या ऑपरेटरवर निघतो. त्या ऑपरेटरला कितीही समजावले, तरी बस त्याच वेळेला सुटत असेल तर उपयोग होणार नाही. दोन शिफ्ट दहा मिनिटे एकमेकींवर येतील अशी वेळ आखावी, त्या वेळेचा मोबदला द्यावा आणि बसही त्यानुसार उशिरा सोडावी. बोलणे मशीनपाशीच उभे राहून व्हावे: काय अर्धवट राहिले, काय बदलले आणि कशावर नजर ठेवायची. सॉफ्टवेअर टीममध्ये परदेशातील सहकाऱ्यांकडे काम सोपवताना हेच तीन मुद्दे लेखी द्यावेत.

चूक कळवणाऱ्याची पहिल्याच वाक्यात खरडपट्टी निघत असेल, तर पुढची चूक दडवली जाते. संशोधक एमी एडमंडसन यांना 1990च्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांच्या अभ्यासात आढळले, की चांगले सहकार्य असलेल्या टीममध्ये औषधांच्या चुकांची नोंद उलट जास्त होती. तेथील लोक चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होते. म्हणून सुपरवायझरने ‘कोणी केले?’ याआधी ‘काय झाले?’ असे विचारावे.

कौतुकाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी निवडण्याच्या प्रथेमुळे एक जण खूश होतो आणि उरलेले हिशेब मांडत बसतात. त्याऐवजी आठवड्याच्या बैठकीत ‘या आठवड्यात तुम्हाला कोणाची मदत झाली?’ असे प्रत्येकाला विचारावे आणि आलेली नावे नोंदवून ठेवावीत. त्यात कंत्राटी कामगारांची नावेही यायला हवीत. त्यांना वगळून टीम उभी राहत नाही. पात्र कामगारांना कायद्याने मिळणारा किमान 8.33 टक्के बोनस हा त्यांचा हक्क आहे, तो प्रोत्साहन म्हणून मिरवू नये.

पुण्यात आणखी एक हमखास वादाची जागा म्हणजे गणपतीतील रजा. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते, पथकात वाजवणाऱ्यांना तालमीपासूनच लवकर निघायचे असते आणि दरवर्षी त्याच दोन-तीन जणांना थांबावे लागते. उत्सवाच्या महिनाभर आधी किमान किती माणसे लागतील तो आकडा लीडरने सांगावा आणि रजेचा तक्ता टीमलाच बसून करू द्यावा. विसर्जनाला थांबणाऱ्यांना दिवाळी, ईद किंवा नाताळच्या रजेत पहिली पसंती मिळावी. तक्ता लागल्यावर लीडरने त्यात परस्पर बदल करू नये. अदलाबदल दोघांनी आपसांत ठरवावी आणि त्याला फक्त कळवावी.