चार वर्षांच्या लेकीला घेऊन एकट्याने राणीच्या बागेत जायचंय? मग हे सगळं घ्या

माझी सुट्टी मंगळवारी असते आणि बायकोला त्या दिवशी ऑफिस, त्यामुळे गेल्या वर्षभरात मी आणि लेक, दोघंच, ठाण्याहून भायखळ्याला, राणीच्या बागेतल्या प्राणिसंग्रहालयात, तीनदा जाऊन आलो. तिसऱ्या खेपेला कुठे सगळं नीट जमलं, म्हणून आता लिहून ठेवतोय, कुणा बाबाला एकट्याने न्यायचं असेल तर उपयोगी पडेल. आधी वार बघा, बुधवारी बाग बंद असते, आणि बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, हे लक्षात ठेवा नाहीतर पोराला गेटवरून परत आणायची वेळ येते आणि ते रडणं मुलुंडपर्यंत थांबत नाही.

बाग साडेनऊला उघडते म्हणून सगळे सांगतात लवकर निघा, पण मी तसं करत नाही. वर्किंग डेला आठ-नऊच्या गर्दीत जनरल डब्यात चार वर्षांची पोर घेऊन चढणं मला पटत नाही, लेडीज डब्यात आपण जाऊ शकत नाही, आणि तिला खांद्यावर घेऊन उभं राहिलो तर दिवस सुरू व्हायच्या आधीच दोघं दमतो. साडेदहानंतरची ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल पकडायची, खिडकी मिळते, स्टेशनं मोजत मोजत ती मजेत येते. तिकीट मात्र भायखळ्याचं रिटर्न काढू नका, फक्त जायचं काढा, का ते पुढे सांगतो. पाच वर्षांखालच्या मुलांना लोकलचं तिकीट लागत नाही.

आता बॅग. पाठीवरची सॅकच हवी, दोन्ही हात मोकळे पाहिजेत. त्यात सगळ्यात पहिली वस्तू म्हणजे आईच्या जुन्या सुती साडीचा दोन-अडीच मीटरचा तुकडा, माझ्या मते या एका वस्तूवर अर्धा दिवस निभावतो. झाडाखाली अंथरायला, जेवताना तिच्या मांडीवर टाकायला, पेंग्विनच्या एसीत गुंडाळायला, परत येताना झोपली की डोक्यावरून घ्यायला, आणि हात पुसायला तर आहेच. आईने तो तुकडा कडेने हाताने शिवून दिलाय, लेक त्याला "आजीचं पांघरूण" म्हणते आणि तो घेतल्याशिवाय निघत नाही.

कपड्यांचा एक पूर्ण जोड आणि दोन जास्तीच्या चड्ड्या, ओले कपडे टाकायला झिपची पाऊच, पेपर सोप, टिश्यू, बँडेड, ओआरएसचं एक पाकीट, ओडोमॉस. पातळ फुल बाह्यांचा स्वेटर, डिसेंबरात बाहेर लागत नाही पण पेंग्विनच्या इमारतीत लागतो. बूट वेल्क्रोचे आणि जुने, नवे बूट त्या दिवशी अजिबात नाही. पहिल्या खेपेला हौसेने नवे घातले आणि बारा वाजता टाचेला फोड, मग सगळी बाग माझ्या कडेवर बसून बघितली. पॉवर बँक घ्या, आणि खेळणी घेऊ नका, एकही नाही, तिथे झाडांच्या शेंगा आणि पानं इतकी पडलेली असतात की त्यासाठी एक रिकामी छोटी कापडी पिशवी न्या, तेवढं पुरतं.

खाऊत तिखटमिठाच्या पुऱ्या. त्या सांडत नाहीत, वास मारत नाहीत, थंड झाल्या तरी तशाच लागतात आणि मुलं चालता चालता खातात. दुसऱ्या डब्यात गूळ-तूप लावून पोळीचा रोल, काकडीचे लांब तुकडे, एक केळं. केळं सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा. पाण्याची तिची बाटली वेगळी, माझी वेगळी. जेवण बरोबर एक वाजता, तिला भूक लागो न लागो, कारण भूक लागलीय हे तिला स्वतःला कळत नाही, ती फक्त चिडचिड करायला लागते आणि आपण उगाच ओरडतो.

सू-शी हा बाबांसाठी वेगळाच विषय आहे आणि यावर कोणी बोलत नाही म्हणून स्पष्ट लिहितो. घरातून निघताना एकदा, बागेत शिरल्या शिरल्या एकदा, जेवणाआधी एकदा आणि निघताना एकदा, तिला विचारायचं नाही, न्यायचंच. मी सरळ जेन्ट्समध्ये नेतो, आधी डोकावून बघतो, मग उचलून थेट दरवाजावाल्या केबिनमध्ये. एकदा तिथे साफसफाई करणाऱ्या मावशींनी स्वतःहून दोन मिनिटं बाहेर थांबून दार सांभाळलं होतं, ते मी विसरलो नाही. बाबाला लेकीला सू-शीला नेता येईल अशी एक खोली सगळीकडे असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

हरवण्याची तयारी करताना वाईट वाटतं पण कराच. निघण्याआधी दारात तिचा उभा फोटो काढायचा, म्हणजे कपडे कसे होते ते नंतर आठवत बसायला नको. भडक रंगाचा फ्रॉक. खिशात माझ्या आणि तिच्या आईच्या नंबरची चिठ्ठी, शिवाय दंडावर बॉलपेनने माझा नंबर. तिला शिकवून ठेवलंय की बाबा दिसला नाही तर जिथे आहेस तिथेच उभं राहायचं आणि बाळ बरोबर असलेल्या एखाद्या मावशीला किंवा खाकीवाल्या काकांना सांगायचं. चाइल्डलाइनचा १०९८ आणि रेल्वेचा १३९ फोनमध्ये सेव्ह.

तयारीत गोष्टीही धरा, हे माझं ठाम मत. पेंग्विन बघितल्यावर पहिला प्रश्न येणार की बाबा बर्फ कुठेय, तेव्हा उत्तर तयार हवं. हे हम्बोल्ट जातीचे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, तिथे समुद्राचं पाणी गार असतं पण बर्फ नसतो, आणि इथले पहिले २०१६ मध्ये सोलहून विमानाने आले, लोकांना बघायला मिळाले २०१७ पासून. विमानात पेंग्विन बसला होता यावर ती अजून खूश आहे. दुसरी गोष्ट दगडी हत्तीची. बागेच्या आवारातल्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर जो मोठा हत्ती उभाय तो मूळचा घारापुरी बेटावरचा, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, मग इंग्रजांनी १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायला घेतलं तर क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले, पुढे ते जोडून त्याला इथे उभं केलं. ही गोष्ट मी हत्तीसमोर उभं राहून सांगतो, "त्याला लागलं का?" हे ती दर वेळी विचारते आणि दर वेळी जोड कुठे दिसतात ते शोधते. गोरखचिंचेच्या खोडाभोवती एक फेरीही ठरलेली.

क्रम असा की पेंग्विन सगळ्यात आधी, ती ताजीतवानी असताना. त्यानंतर काही ठरवायचं नाही. मागच्या वेळी पाणघोडा पाण्याखालून वर येण्याची वाट बघत आम्ही वीस-पंचवीस मिनिटं कठड्याशी उभे होतो, पुढे वाघ बघायचा राहिला, आणि घरी गेल्यावर तिने आईला फक्त पाणघोड्याचे कान सांगितले. त्यामुळे वाघ राहिला तर राहू द्या.

तीनला मात्र निघायचंच, इथे लाड नाहीत. तिची झोपेची वेळ आणि संध्याकाळची गर्दी एकत्र आली की फार हाल होतात. भायखळ्याहून ठाण्याकडची गाडी पकडली तर ती भरून आलेली असते, म्हणून उलट्या दिशेने सीएसएमटीला, म्हणजे लाइनच्या शेवटच्या स्टेशनला, जायचं, मध्ये फक्त सँडहर्स्ट रोड आणि मस्जिद, आणि तिथून सुटणारी ठाणे स्लो रिकामी मिळते. म्हणूनच रिटर्न नको, भायखळ्याला सीएसएमटीचं आणि सीएसएमटीला ठाण्याचं तिकीट काढायचं. दादर यायच्या आत ती आजीच्या पांघरुणात झोपलेली असते, पिशवीतल्या शेंगा मुठीत.

आणि घराची किल्ली सॅकच्या आत नको, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा, म्हणजे दार उघडायला तिला खाली उतरवावं लागत नाही.