नवीन टायर, जुना आकडा: फोर बाय फोरच्या हवेबाबत या चुका टाळा

दोन पावसाळ्यांपूर्वी कोल्हापुरात माझ्या फोर बाय फोरला, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाडीला, चार नवे टायर घातले आणि भुईबावडा घाटाने घरी निघालो. गाडी रस्त्यावर बसेचना. लहानशा खड्ड्यावरही चेंडूसारखी उडायची, वळणावर मागचा भाग हलका पडल्यासारखा वाटायचा. बायको म्हणाली, "अहो, टायर रबराचेच घातलेत ना?" वैभववाडीला थांबून हवा मोजायचा गेज लावला तर ४८ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक; पुढचे हवेचे आकडेही त्यातच)! दुकानात फोन केला. तिकडून उत्तर आलं, "साहेब, टायरवरच लिहिलंय की मॅक्स चव्वेचाळीस. तेवढीच मारलीय." थंड टायरमध्ये मारलेले ४४ घाटातल्या उन्हात आणि ब्रेकच्या उष्णतेत ४८ झाले होते. माझ्या गाडीच्या दारावरचा स्टिकर सांगतो ३२.

त्याच वर्षी आमच्या वाडीतल्या एका काकांनी बरोबर उलटी चूक केली. तीही सांगतो, कारण या दोन चुका शेजारी ठेवल्या की सगळा विषय उलगडतो.

टायरवरचा आकडा म्हणजे हवा किती भरायची ते नव्हे

टायरच्या कडेवर 'मॅक्स' म्हणून छापलेली हवा ही त्या टायरची मर्यादा. तुमच्या गाडीला किती हवा लागते हे त्या टायरच्या कंपनीला माहीतच नसतं. तोच टायर कुणी हलक्या गाडीला लावतो, कुणी चिरे भरलेल्या गाडीला. गाडीला किती हवा लागते ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं. बहुतेक स्टिकरवर दोन हिशेब असतात, एक रिकाम्या गाडीचा आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीचा. पुढच्या-मागच्या टायरचा आकडाही वेगळा असू शकतो. म्हणूनच "सगळीकडे पस्तीस मार रे" हे वाक्य पंपावर कितीही रुळलेलं असलं तरी ते कुठल्याच गाडीचं नाही.

स्टिकर फक्त त्यावर लिहिलेल्या मापापुरता खरा, हे मात्र विसरू नका. महिंद्राच्या थारचंच पाहा. २०२० च्या मॉडेलमध्ये कंपनीनेच दोन मापं दिली, २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ (टायरची रुंदी, उंचीचं प्रमाण आणि रिमचा व्यास). मारुतीच्या जिम्नीला १९५/८० आर १५. मित्राच्या थारला किती हवा आहे हे विचारून स्वतःच्या थारमध्ये मारायची असेल तर आधी दोघांचं माप एक आहे का ते बघा.

मी घेतलेले टायर जुन्याच मापाचे, जुन्याच प्रकारचे होते, फक्त नक्षी जाड. हवा ३२ वर आणली आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. काकांची गोष्ट एवढी सोपी नव्हती.

माप तेच, पण जात वेगळी

काकांनी टायर घेतले एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या जातीचे. जांभ्याच्या कातळावरून रोज कलमांच्या बागेत जायचं, जांभ्याची धार टायरच्या कडा कापते, म्हणून जाड कडेचा टायर हवा. विचार बरोबर होता. माप तेच राहिलं, म्हणून हवाही तीच ठेवली, ३२. मग मे महिन्यात मागे आंब्याच्या वीसेक पेट्या आणि आत तीन माणसं घेऊन घाट चढले. पेटीला वीस किलो धरले तरी चारशे किलोचं ओझं ते. गगनबावड्याला चहाला थांबले तेव्हा मागच्या टायरच्या कडेला हात लाववत नव्हता, जळक्या रबराचा वास वेगळाच. गेज लावला तर ४१.

एकाच मापाच्या साध्या आणि एलटी टायरमध्ये फरक किती असतो बघा. २४५/७५ आर १६ मध्ये १०९ लोड इंडेक्सचा (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा, कडेवर छापलेला क्रमांक) साधा टायर ३५ पीएसआयला १०३० किलो पेलतो. त्याच मापाचा एलटी, लोड रेंज सी (एलटी टायरच्या दणकटपणाचा दर्जा), इंडेक्स १०८, हा १००० किलो पेलतो खरा, पण ५० पीएसआयला. ३५ ला त्याची ताकद साधारण ७७० किलोच. म्हणजे जास्त दणकट टायर घालून आणि हवा तीच ठेवून काकांनी वजन पेलण्याची ताकद उलट कमी केली होती. टायर जाड, त्यात हवा कमी, वर ओझं. अशा वेळी कड सारखी दुमडते, तापते आणि आतून मरते. बाहेरून काहीच दिसत नाही, ही त्यातली वाईट गोष्ट.

नियम असा की नवा टायर ज्या हवेला जुन्या टायरएवढं वजन पेलेल, तेवढी हवा त्यात हवी. हा हिशेब अंदाजाने करायचा नसतो. टायर कंपन्यांकडे प्रत्येक मापाचा वजन आणि हवेचा तक्ता असतो. टायर घेतानाच दुकानदाराकडे तो मागा. नाही म्हणाला तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा, लोड इंडेक्स सांगा. आकडा स्टिकरपेक्षा बराच जास्त आला तर घाबरू नका, पण रिमची मर्यादा मात्र विचारून घ्या.

एक्सएल, म्हणजे 'एक्स्ट्रा लोड' लिहिलेल्या टायरचाही असाच गैरसमज आहे. एक्सएल म्हणजे त्याच हवेत जास्त वजन पेलणारा टायर नव्हे. जास्त वजन तो पेलतो, पण जास्त हवेवर: साध्या टायरची पूर्ण ताकद साधारण ३६ ला मिळते, एक्सएलची ४२ ला.

माझं मत विचाराल तर रोज चिरेखाणीत किंवा कातळावर जायचं नसेल तर कोकणात एलटीच्या वाटेला जाऊच नये. साधा ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर) पुरतो, गाडी मऊ चालते आणि हवेचा घोळही होत नाही.

खडूची रेघ

तक्त्यावरून आलेला आकडा आपल्या गाडीला बसतो का, हे घरच्या घरी तपासता येतं. खडू घ्यायचा आणि टायरच्या नक्षीवर आडवी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाड रेघ ओढायची. गाडी सपाट जागेवर सरळ पंधरावीस फूट न्यायची, मग खाली उतरून बघायचं. रेघ फक्त मध्यभागी पुसली आणि कडांना राहिली तर हवा जास्त. कडांना पुसली, मधे राहिली तर कमी. सगळीकडे सारखी पुसट झाली तर ठीक. आमच्या अंगणात शेणाने सारवलेली जमीन आणि तिला उतार, तिथे हे जमेना. शेवटी पहाटे गावातल्या सिमेंटच्या रस्त्यावर गेलो. दूधवाला थांबून विचारतो, "टायराक टिळो लावतास काय?" त्याला काय सांगणार.

दुसरी कसोटी भरल्या गाडीची. सकाळी थंड टायरची हवा मोजा, हायवेवर तासभर चालवा, थांबल्या थांबल्या पुन्हा मोजा. ऑस्ट्रेलियातले फोर बाय फोरवाले हिशेब धरतात की साध्या टायरमध्ये हवा साधारण ४ पीएसआय वाढावी, एलटीमध्ये ६ पर्यंत. त्याहून जास्त चढली तर टायर तापतोय, म्हणजे सुरुवातीची हवा कमी होती. काकांची ३२ ची ४१ झाली होती, म्हणजे नऊ चढली! हा अंदाजाचा नियम आहे, स्टिकर आणि तक्ता यांच्यापुढे त्याचं चालत नाही, पण धोका वेळेत कळतो.

गरम टायरची हवा सोडू नका

ही चूक मी अनेक वर्षं केली. रत्नागिरीकडून निघायचं, हातखंब्याच्या पुढे चाळीसेक किलोमीटर झाल्यावर एखाद्या पंपावर हवा चेक करायची. मशीन ३७ दाखवतं, पंपावरचा मुलगा म्हणतो "जास्त आहे", आणि ३२ वर आणून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये २७. स्टिकरचा आकडा थंड टायरचा असतो: गाडी किमान तीन तास उभी, किंवा दोनेक किलोमीटरपेक्षा कमी चाललेली. तापमान साडेपाच अंशांनी बदललं की साधारण १ पीएसआयचा फरक पडतो, म्हणून दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या उन्हाकडच्या टायरचा आकडाही खरा धरू नका. स्वतःचा गेज ठेवा. पंपापंपावरच्या मशीनमध्ये दोनतीन पीएसआयचा फरक मी स्वतः पाहिलाय. मशीन बारमध्ये बोलत असेल तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, आणि २२० किलोपास्कल म्हणजे ३२.

पावसात हवा कमी केल्याने पकड वाढत नाही

हा समज कुठून आला देव जाणे, बहुधा चिखलावरून. चिखलात हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, मऊ जमिनीवर त्याचा फायदा होतो. पण जुलैत हायवेवर पाणी साचलेलं असताना टायरला ते पाणी चिरून खाली डांबर गाठायचं असतं. हवा कमी असली की मधला भाग आत दबतो आणि टायर पाण्यावर तरंगतो. नासाने १९६३ मध्ये विमानांच्या टायरवरून याचं एक सोपं सूत्र मांडलं: हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ काढा, त्याला ९ ने गुणा, तेवढ्या नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) वेगाला टायर तरंगू लागतो. ३६ पीएसआयला तो वेग येतो ताशी १०० किलोमीटर, २५ ला ८३. नक्षी असलेल्या गाडीच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण दिशा तीच. घासलेल्या टायरवर तर आणखी लवकर.

रस्ता सोडल्यावर

बागेच्या तांबड्या चिखलात मी माझे ३२ चे टायर २२ पर्यंत आणतो. कातळावर २६ च्या खाली नाही, कारण हवा कमी झाली की कड बाहेर फुगते आणि जांभ्याची धार नेमकी तिथे लागते. जेटीच्या उतारावर शेवाळ असेल तर हवेचा काही उपयोग नाही, तिथे पहिला गिअर आणि देव.

वाळूत १५ ते १८ वर आणतात. त्याच्या खाली गेलात आणि जोरात स्टिअरिंग फिरवलं तर टायर रिमवरून निखळतो. पण कोकणात हे ज्ञान वापरायची जागा समुद्रकिनारा नव्हे. पुळणीवर गाडी घातली म्हणून इथे गुन्हे दाखल होतात, आणि वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. भरतीचं पाणी येताना रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढणं हा आमच्याकडे दर सुट्टीचा तमाशा झालाय, त्यात भर नको.

हवा सोडणं दोन मिनिटांचं काम, भरणं कंटाळवाणं. चार मोठे टायर १८ वरून ३२ वर न्यायला छोटा कॉम्प्रेसर अर्धा तास घेतो. म्हणून लोक "पुढच्या पंपावर भरू" म्हणतात आणि १८ वरच डांबरावर ऐंशीने सुटतात. कॉम्प्रेसर नसेल तर हवा सोडूच नका.

खारी हवा

टायर नवे, आकडा बरोबर, तरी एका चाकाची हवा चार दिवसांत सहा उतरते. पंक्चरवाला पाण्यात बुडवून म्हणतो, "काय नाय यात." किनाऱ्याजवळ असं झालं की लोखंडी डिस्कच्या कडेकडे बघा. टायर जिथे रिमला चिकटतो तिथे गंजाचे पापुद्रे सुटतात आणि त्यातून हवा झिरपते. साबणाचा फेस त्या सांध्यावर लावा आणि पाच मिनिटं थांबा, बुडबुडे अगदी बारीक येतात. टायर उतरवून तारेच्या ब्रशने कड साफ करणं हाच उपाय. नवीन टायर घालताना हे आधीच करून घ्या, रबरी व्हॉल्व्हही नवे टाकायला सांगा. दुकानदार जुनेच ठेवतात. आणि व्हॉल्व्हवर चकचकीत ॲल्युमिनियमच्या टोप्या लावू नका. खाऱ्या हवेत त्या पितळेला अशा धरतात की काढताना व्हॉल्व्हच तुटतो. काळी प्लास्टिकची टोपी बरी.

टायर बदलले की हवेचा सेन्सर नव्याने सेट करायचा, पुढचे टायर मागे टाकले की दोन्हीकडची हवा पुन्हा जुळवायची. नायट्रोजन भरलात तरी आकडा तोच.

राहता राहिली स्टेपनी. मागच्या दारावर दिमाखात टांगलेली असते, पण तिच्यात गेज कुणी लावत नाही. माझ्या स्टेपनीत त्या वर्षी गणपतीच्या आदल्या रात्री फोंडा घाटात पंक्चर झाल्यावर पाहिलं, तर १४ होती.