वर्गात ‘गोलपिठा’ शिकवताय? या चुका टाळा

पीएच.डी. करता करता तासिका तत्त्वावर शिकवायला लागले तेव्हा मी २५ वर्षांची होते, समोरच्या एस.वाय.च्या मुलांपेक्षा जेमतेम सहा वर्षांनी मोठी. पहिल्याच सत्रात दलित कवी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ वाट्याला आला, मुंबईच्या कामाठीपुऱ्यातल्या वेश्यावस्तीचं जग तिथल्याच भाषेत मांडणारा कवितासंग्रह. खालच्या सगळ्या चुका माझ्याच.

आधीच डांगोरा पिटू नका. “उद्याच्या कविता जरा वेगळ्या आहेत हं,” असं मी सांगून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी एरवी कॅन्टीनमध्ये पडीक असणारी मंडळीही हजर. सगळे शिवीची वाट बघत होते, कविता कुणीच ऐकली नाही.

शब्द गाळणं तर त्याहून महागात पडलं. अवघड शब्द आला की मी “इथे एक शब्द आहे” म्हणून पुढे सरकायचे. मागच्या बाकावरून कुणीतरी तो मोठ्याने म्हणायचं आणि हशा पिकायचा. उपाय एकच: घरी मोठ्याने वाचून जिभेला सवय लावा. सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीची भिंत पातळ, सकाळी घरमालकीण काकूंनी विचारलं, “बरं आहे ना गं सगळं?” पण त्या दिवशी वर्गात मी अडखळले नाही आणि कुणी हसलंही नाही.

आणि अर्थ माहीत नसेल तर थापा मारू नका. १९७२च्या या संग्रहाला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले बरेच शब्द अडले होते. एवढं सांगितलं की मुलंच शोधाशोध करतात.

लेखकाचं वकीलपत्र घेऊ नका. तेंडुलकरांच्याच ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाच्या तासाला एक मुलगी चिडली, “नाना फडणवीसांना असं लंपट दाखवायचं?” मी तेंडुलकरांची बाजू लढवत बसले आणि नाटक बाजूलाच राहिलं. पुढच्या वर्षी तिच्याच प्रश्नापासून सुरुवात केली. १६ डिसेंबर १९७२ला भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला आणि १९ प्रयोगांनंतर नाटक करणाऱ्या संस्थेनेच ते थांबवलं. मुलांना म्हटलं, समजा त्या संस्थेच्या बैठकीत तुम्ही आहात. चालू ठेवायचं की बंद, कारणासह लिहून द्या. ‘बंद’ लिहिणाऱ्यांनी संहिता जास्त बारकाईने वाचली होती. त्यांना पुरावे द्यायचे होते ना!

पालकांचा फोन येण्याआधी अभ्यासक्रमाची प्रत आणि शिकवलेल्या पानांची नोंद विभागप्रमुखांकडे देऊन ठेवा. मी दिली नव्हती.

एका चुकीची मात्र अजून लाज वाटते. हजेरीतलं आडनाव बघून एका मुलाला विचारलं, “तुला हे जवळचं वाटत असेल ना?” तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, मी पिंपरीत वाढलो. कामाठीपुरा मीही पुस्तकातच बघतोय.” नंतर स्टाफरूमबाहेर गाठून मी त्याची माफी मागितली. तो “असू दे मॅडम” म्हणाला. चूक भर वर्गात केली होती, माफीही तिथेच मागायला हवी होती.