कर्सियांगचा बाजार मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर आणायचाय? आधी रस्ता मोजा

दार्जिलिंगची टॉय ट्रेन कर्सियांगच्या बाजारातून अगदी दुकानांना खेटून जाते, तो तुकडा लेआउटवर आणायचा असेल तर रूळ विकत घ्यायच्या आधी फोटो घेऊन बसा. तिथला गेज (दोन रुळांमधलं अंतर) 610 मिमी म्हणजे दोन फूट, हीच तुमची मोजपट्टी, फोटोत रुळांच्या शेजारीच रस्ता किती पट रुंद दिसतो ते बघा, अंदाज बराच बरोबर येतो. 1:76 स्केलला (म्हणजे सगळं खऱ्याच्या 76 पट लहान) 9 मिमी गेजचा ट्रॅक वापरतात, त्यात 6 मीटरचा रस्ता जेमतेम 79 मिमी होतो, त्यामुळे छोट्या फळीवरही जमतं.

स्टेशन मात्र गाळू नका हं! सिलिगुडीकडून आलेली गाडी आत येऊन थांबते, तिथून पुढे रूळच नाहीत, मग दार्जिलिंगकडे जायला रिव्हर्स घेत मेन रोड ओलांडून बाहेर पडते, चालवायची खरी मजा तिथेच आहे.

दुकानं चिकटवायच्या आधी सगळ्यात लांब डबा वळणावरून हाताने ढकलून बघा, कोपरा कुठे घासतो ते लगेच कळतं. आणि रस्त्याचा भराव रुळाच्या माथ्यापेक्षा किंचित खाली ठेवा, नाहीतर रूळ पुसताना रंग निघतो.