चौकटीच्या वहीत ट्युरिंगचं मशीन चालवून बघा

ब्रिटिश गणितज्ञ अॅलन ट्युरिंग म्हटलं की सगळे डायरेक्ट एनिग्मावर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सांकेतिक संदेशांच्या यंत्रावर जातात, पण त्याचं भारी काम त्याच्या आधीचं, 1936 चं, आणि ते कळायला कॉम्प्युटर लागतच नाही, चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर, झालं. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस! केंब्रिजच्या या 23 वर्षांच्या पोराने एवढंच बघितलं की असा माणूस करतो काय, तर एक चौकट बघतो, लिहितो नाहीतर खोडतो, शेजारी सरकतो आणि आपण कुठल्या अवस्थेत आहोत, म्हणजे आत्ता कुठले नियम पाळायचे, ते लक्षात ठेवतो. एवढंच करणारं कल्पनेतलं यंत्र म्हणजे ट्युरिंगचं मशीन.

आता वहीत एका ओळीत 1011 लिहा, एका चौकटीत एकच आकडा, दोन्हीकडे रिकाम्या चौकटी सोडा. बायनरीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून संख्या लिहायच्या पद्धतीत, हे अकरा झाले, त्यात 1 मिळवायचाय. बोट सगळ्यात डावीकडच्या 1 वर ठेवा, अवस्था क. क मध्ये 0 दिसो की 1, काही न बदलता उजवीकडे सरकायचं, रिकामी चौकट आली की एक घर डावीकडे येऊन अवस्था ख. ख मध्ये 1 दिसला तर खोडून 0 लिहा आणि डावीकडे सरका, अवस्था तीच, आणि 0 किंवा रिकामी चौकट दिसली की तिथे 1 लिहून थांबा. 1100 आलं ना? म्हणजे 12. मग 111 घेऊन बघा, 1000 यायला पाहिजे. फक्त मधेच स्वतःचं डोकं लावू नका, सगळे तिथेच चुकतात, पुढचं दिसतं म्हणून दोन पायऱ्या गाळतात.

आता मुद्दाम घोळ घाला: रिकामी चौकट आल्यावर डावीकडे या पण अवस्था क च ठेवा. बोट उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे, संपतच नाही. इथे आपल्याला लगेच दिसतं, पण कुठलंही मशीन दिलं तरी ते पुढे अमुक चिन्ह कधी लिहील की नाही हे आधीच सांगणारी एकच पक्की रीत असूच शकत नाही, हे ट्युरिंगने सिद्ध केलं, आणि गणितातलं कुठलंही विधान सिद्ध होतं की नाही हे ठरवणारी एकच रीत आहे का, या जर्मन गणितज्ञ हिल्बर्टच्या निर्णयाच्या प्रश्नाला नाही असं उत्तर मिळालं. तेच उत्तर अमेरिकन गणितज्ञ अलोन्झो चर्चने प्रिन्स्टनमध्ये वेगळ्या वाटेने थोडं आधीच काढलं होतं, मग ट्युरिंग त्याच्याकडेच गेला आणि 1938 ला पीएचडी घेतली.

हे जमलं की 1 वजा करणारं मशीन बनवा, ख मधले 0 आणि 1 चे नियम उलटे करायचे फक्त: 0 दिसला तर 1 लिहून डावीकडे सरका, 1 दिसला तर 0 लिहून थांबा. आणि त्याला नुसतं 0 देऊन बघा काय करतंय ते.