सोमवारी नवीन मशिनी यायच्या आधी

सोमवारी दोघं नवीन येतायत, एकाकडं मॅक, एकीकडं विंडोज. सर्व्हर आपला उबंटूवर, म्हणजे लिनक्सवर. एकच रेपो, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटनं सांभाळलेला आपल्या फाइलींचा साठा, तीन तऱ्हेच्या डिस्कवर उतरणार आणि प्रत्येकीचे नखरे वेगळे. तेव्हा शनिवारी दुपारी, मार्केट यार्डातले फोन थंडावले की, एवढं उरकून घ्या.

पहिल्यांदा गिटअ‍ॅट्रिब्यूट्सची फाइल. कुठल्या फाइलीला गिटनं कसं वागवायचं ते तिच्यात लिहितात. विंडोज ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ अशी दोन न दिसणारी अक्षरं टाकतं, लिनक्सला नुसतं एलएफ लागतं. बिल्डची, म्हणजे प्रोग्राम बांधायच्या कमांडची, शेल स्क्रिप्ट विंडोजवर सेव्ह होऊन आली की सर्व्हर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून हात वर करतो, आणि उघडून बघावं तर सगळं जागच्या जागी. म्हणून शेल स्क्रिप्टना एलएफ, बॅच फाइलींना सीआरएलएफ, चित्रं बायनरी, असं त्या फाइलीत लिहूनच टाका. तेच काम ज्याच्या त्याच्या मशिनीवर करणारी एक सेटिंग आहे, पण ‘ऑटोसीआरएलएफ सेट कर बरं का’ असं प्रत्येकाला सांगत बसू नका. लोक हो म्हणतात आणि विसरतात. जुन्या फाइलींवर एकदा रीनॉर्मलाइझ चालवा, म्हणजे त्याही या नियमात बसतील. त्याचा कमिट, म्हणजे बदलाची नोंद, वेगळा ठेवा आणि ब्लेमला तो वगळायला सांगा, नाहीतर ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या त्या ब्लेममध्ये सगळ्या ओळी तुमच्याच नावावर दिसतील.

मग नावं. इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल की स्मॉल, हा फरक विंडोज आणि मॅक सहसा मानत नाहीत, लिनक्स मानतं. लॅपटॉपवर पळणारा बिल्ड सर्व्हरवर ‘फाइल सापडत नाही’ म्हणतो तो यामुळंच. गिटमधल्या फाइलींची यादी काढा, सगळी स्मॉल करा, सॉर्ट करून जोड्या शोधा. पाच मिनिटांचं काम.

देवनागरीत कॅपिटल नाही म्हणून आपण सुटलो, असं मला वाटायचं. गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या गूळ सौद्यांच्या तोंडावर, एका अडत दुकानाच्या पावत्या छापेनात. फोल्डरचं नाव ‘कोऱ्या पावत्या’. स्क्रिप्टमध्येही तेच. अक्षर न् अक्षर जुळत होतं, पण फक्त डोळ्यांना. एका कीबोर्डनं ‘ऱ’ हे आख्खं अक्षर टाकलं होतं, दुसऱ्यानं साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. दिसायला एक, बाइट्स वेगळे, गिटच्या लेखी दोन फोल्डर. त्यात जुनी मॅक डिस्क ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि नुक्ता असं ठेवते. त्यापुरती गिटची फोडलेली अक्षरं परत जोडणारी प्रीकंपोजयुनिकोड सेटिंग कामी येते, जोडकावर मात्र तिचा इलाज नाही. वर लिनक्समध्ये एका नावाला 255 बाइट्स आणि आपलं प्रत्येक चिन्ह 3 बाइट्सचं, मात्राही त्यात मोजली जाते. म्हणजे 85 चिन्हांत खेळ खल्लास. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण तो पावतीच्या मजकुरात असू दे. फाइलींची नावं रोमन, स्मॉल अक्षरांत ठेवा. ज्या जुन्या नावांना हात लावता येत नाही त्यांच्यासाठी गिटची क्वोटपाथ सेटिंग बंद करा, म्हणजे स्टेटसमध्ये नावाऐवजी आकड्यांची रांग दिसणार नाही.

‘कॉन’, ‘ऑक्स’, ‘नल’ अशी नावं विंडोजला चालत नाहीत, नावात कोलनही चालत नाही. तिथं 260 अक्षरांना टेकलेले पाथ, म्हणजे फोल्डरांसकट पूर्ण नावं, आखूड करा.

आता स्क्रिप्ट. चालवायची परवानगी विंडोजवर ठेवता येत नाही, ती गिटच्या इंडेक्समध्येच, म्हणजे पुढच्या कमिटसाठीच्या यादीतच, द्या. यादीत 100644 दिसलं तर राहिलं, 100755 दिसलं तर झालं. गिट फाइलीची वेळ जपत नाही. क्लोन, म्हणजे रेपोची नवी प्रत, घेतल्यावर सगळ्यांवर त्या घडीची वेळ पडते, आणि मेक, म्हणजे बिल्ड चालवणारा प्रोग्राम, तर वेळ बघूनच ठरवतो काय परत बांधायचं. तयार झालेल्या फाइली रेपोत ठेवल्या तर तो कधी उगाच बांधेल, कधी बांधायलाच विसरेल. त्या बाहेर काढा. रिकामं फोल्डरही गिट ठेवत नाही, तेव्हा आउटपुटचं फोल्डर स्क्रिप्टनंच तयार करू दे.

शेवटी सर्व्हरवर ‘राजारामपुरी ऑफिस’ असं मधे स्पेस असलेलं फोल्डर करा, त्यात ताजा क्लोन घ्या आणि एकाच कमांडनं बिल्ड लावा. अवतरणचिन्हं टाकायची राहिलेली ओळ त्या स्पेसवरच अडखळते. पावतीची पीडीएफ निघाली तर तिच्यातला ‘ऱ्या’ मोठा करून बघा, आणि मगच मशीन बंद करा.