डिग्री झाल्यावर तिकडंच राहायचंय? मग तारखा आत्तापासून मोजा

दर मे महिन्यात घरी कोल्हापूरला आलो की ओळखीतली चार-पाच पोरं-पोरी भेटायला येतात, कोण केआयटी इंजिनिअरिंग कॉलेजातलं, कोण शिवाजी विद्यापीठातलं, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, परदेशात ॲडमिशन कुठं पटकन मिळतंय?" मी उलटं विचारतो, मास्टर्सचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू कुठल्या कागदावर त्या देशात राहणार आहेस? याचं उत्तर कुणाकडंच नसतंय, आणि घरच्यांनी मात्र घर तारण ठेवून कर्ज काढायची तयारी केलेली असते. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

आधी एवढं डोक्यात ठेवा की शिकायचा व्हिसा वेगळा, शिकून झाल्यावर काम शोधायला मिळणारी मुदत वेगळी आणि पक्क्या नोकरीवरचा परवाना वेगळा. सगळा घोळ मधल्या मुदतीत होतो. ती केएमटी बसच्या पासासारखी असते बघा, तारीख संपली की संपली, आणि बऱ्याच देशांत ती आयुष्यात एकदाच मिळते. त्या मुदतीत तिसऱ्या परवान्याच्या लायकीची नोकरी हातात आली पाहिजे, कुठलीही नोकरी चालत नाही.

मी स्वतः जर्मनीत शिकलो त्यामुळं तिथलं जास्त सांगतो. वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरच्या कारखान्यांच्या भागात टर्निंगचं छोटं वर्कशॉप, मी मेकॅनिकल, म्हणून तो देश निवडला. तिथं डिग्री झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं, हॉटेलात सुद्धा, फक्त खर्चापुरते पैसे आणि हेल्थ इन्शुरन्स दाखवावा लागतो. यात लोक फसतात ते इन्शुरन्सला, कारण युनिव्हर्सिटीतून नाव कमी झालं की विद्यार्थ्यांचा स्वस्त हप्ता बंद होतो आणि महिन्याला बरेच जास्त पैसे जातात, ते आधीच बाजूला काढून ठेवायला पाहिजेत.

माझं काय झालं सांगतो. परवाना संपायला आठच दिवस राहिले तेव्हा मी नवीन अर्ज केला, आणि त्या गावच्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात अपॉइंटमेंट मिळाली अडीच महिन्यांनंतरची. नोकरीचं पत्र हातात होतं, पण कंपनी म्हणाली चालू परवान्याचा कागद दाखव मगच जॉइन हो. तिथं कायदा असा आहे की जुना परवाना संपायच्या आत अर्ज केला तर निर्णय होईपर्यंत जुनाच चालू धरतात आणि तसं तात्पुरतं सर्टिफिकेट देतात, फिक्त्सियोन्सबेशायनिगुंग म्हणतात त्याला. मला हे माहितीच नव्हतं, त्यामुळं तो कागद मागायला उशीर झाला आणि एक महिन्याचा पगार बुडाला, आणि तेव्हा इकडं बँकेचा हप्ता सुरू झालेला. तुम्ही परवाना संपायच्या तीन महिने आधी अर्ज टाका आणि अपॉइंटमेंट लांबची मिळाली तर तो कागद लेखी मागून घ्या.

नोकरी लागली आणि ती तुमच्या शिक्षणाच्या लायकीची असली की ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा नोकरीवरचा परवाना, मिळू शकतं. त्याला पगाराची अट असते, ती दर जानेवारीत बदलते. २०२५ साली सगळ्यांसाठी वर्षाला ४८,३०० युरो होती, पण डिग्री होऊन तीन वर्षं झाली नसतील तर साधारण ४३,७६० वर काम होत होतं. त्याहून कमी पगार असला तरी शिक्षित कामगारांचा साधा परवाना आहेच. आणि जर्मनीतच डिग्री घेतली असेल तर अशा नोकरीत दोन वर्षं काढून, २४ महिने पेन्शनचे पैसे भरून आणि बी १ पातळीची, म्हणजे मध्यम, जर्मन दाखवून कायमचा परवाना मागता येतो. ब्लू कार्डवाल्याला बी १ असेल तर २१ महिन्यांतच. म्हणजे भाषा येत असेल तर तिथं राहण्याचा रस्ता खरोखर छोटा होतो.

भाषेचं मी सगळ्यांना कळकळीनं सांगतो. कोर्स इंग्रजीत आहे म्हणून जर्मन टाळू नका. उद्यमनगरात मशीनवरच्या माणसाशी इंग्रजीत बोलून काम होतंय का? तिकडं पण तसंच आहे, मशीन बनवणाऱ्या मध्यम कंपन्या लहान गावांत असतात आणि शॉपफ्लोअरवर सगळं जर्मनमध्ये चालतं. इथून जायच्या आधी ए २ पातळीपर्यंत, म्हणजे बी १ च्या खालच्या पायरीपर्यंत, करून जा, परीक्षा पुण्यात मॅक्समुल्लर भवनात देता येते, आणि तिकडं पहिल्या सेमिस्टरपासून पुढं चालू ठेवा. दुसरं म्हणजे वेर्कश्टुडेंटचं काम, शिकताना आठवड्याला २० तासांपर्यंत आपल्याच क्षेत्रातल्या कंपनीत काम करायचं. माझी नोकरी तिथूनच लागली, थीसिस पण त्याच कंपनीत केला. माझ्या बॅचला दोन वर्षं फक्त गोडाऊनमध्ये पॅकिंग केलेली पोरं होती, पैसे त्यांनी माझ्यापेक्षा जास्त मिळवले, पण डिग्रीनंतरचे १८ महिने त्यांना फार जड गेले.

अमेरिकेत सगळा खेळ दिवसांचा. तिथं ओपीटी म्हणून डिग्रीनंतर कामाची परवानगी असते, तिच्यावर १२ महिने काम करता येतं, अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत, आणि कॉलेजच्या अधिकाऱ्यानं सिस्टीममध्ये शिफारस टाकल्यापासून ३० दिवसांच्या आत तो अर्ज सरकारकडं पोचला पाहिजे. ओपीटी सुरू झाली की एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, नोकरी नसेल तो प्रत्येक दिवस त्यात मोजतात. स्टेम, म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग किंवा गणिताचा विषय असेल तर अजून २४ महिने मिळतात, पण कंपनी ई-व्हेरिफाय या कामगार तपासायच्या सरकारी सिस्टीममध्ये नोंदलेली लागते. इथं एक गोष्ट ॲडमिशन घेतानाच बघा, नुसतं कोर्सचं नाव बघून कळत नाही, आय-२० वर, म्हणजे कॉलेज व्हिसासाठी देतं त्या कागदावर, कोर्सचा सीआयपी कोड असतो तो स्टेमच्या यादीत आहे का बघायचं. एकसारख्या नावाच्या दोन कोर्सचे कोड वेगळे असू शकतात आणि तेवढ्यावरून एकाला तीन वर्षं आणि दुसऱ्याला एकच वर्ष मिळतं.

पुढं एच-१बी, म्हणजे नोकरीवरचा व्हिसा. वर्षाला ६५,००० व्हिसे आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी वरचे २०,०००, नोंदणी मार्चमध्ये, काम १ ऑक्टोबरपासून. सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरची नवी रक्कम आली तेव्हा इकडं घराघरांत काळजी सुरू झाली, पण तिथंच राहून एफ-१ वरून, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरून, एच-१बी वर स्टेटस बदलणाऱ्यांना ती लागू नाही असं तिथल्या इमिग्रेशन खात्यानं ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं. याचा अर्थ नीट समजून घ्या, स्टेटस बदलायचा अर्ज अडकलेला असताना देश सोडला तर ती मागणी सोडून दिली असं धरतात आणि मग ती रक्कम लागू होऊ शकते. म्हणजे त्या वर्षी मेमधलं बहिणीचं लग्न असो की गणपती, वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. घरच्यांना हे आधीच समजावून ठेवा, नाहीतर आई फोनवर रडते आणि पोरगं तिकीट काढून मोकळं होतं.

कॅनडात डिग्रीनंतरचा कामाचा परवाना आठ महिने ते तीन वर्षांचा असतो, कोर्स केवढा त्यावर. मास्टर्स मात्र आठ महिन्यांचं असलं तरी फेब्रुवारी २०२४ पासून तीन वर्षांचा मिळू शकतो. कोर्स पूर्ण झाल्याचं पत्र आल्यापासून १८० दिवसांत अर्ज. यात दोन खड्डे आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून भाषेची परीक्षा पण जोडावी लागते, आणि ॲडमिशनला दिलेली इंग्रजीची आयईएलटीएस ॲकॅडमिक चालत नाही, जनरल ट्रेनिंग लागते, युनिव्हर्सिटीच्या डिग्रीवाल्यांना चारही भागांत ६. दुसरं पासपोर्टचं, परवाना पासपोर्टच्या मुदतीच्या पुढं देतच नाहीत, म्हणून शेवटच्या सेमिस्टरला पासपोर्ट बघा आणि मुदत थोडी उरली असेल तर तिथल्या भारतीय दूतावासातून आधी नवीन करून घ्या. आणि डिग्री न घेता कॉलेजचा डिप्लोमा घेणार असाल तर तो विषय परवान्याच्या यादीत आहे का हे फी भरायच्या आधी तपासा, हे आता फार महत्त्वाचं झालंय.

इंग्लंडमध्ये ग्रॅज्युएट व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच, पीएचडीवाल्यांना तीन वर्षं. आरोग्याचा सरचार्ज वर्षाला १,०३५ पौंड, तो सगळा एकदम भरावा लागतो, आणि हा व्हिसा वाढवून मिळत नाही. आयर्लंडमध्ये मास्टर्सनंतर दोन वर्षं मिळतात. ऑस्ट्रेलियात मास्टर्सवाल्या भारतीयांना तीन वर्षं आहेत, पण रिसर्चचं मास्टर्स सोडलं तर वय ३५ किंवा त्याहून कमी पाहिजे, त्यामुळं इथं सात-आठ वर्षं नोकरी करून मग जाणाऱ्यांनी आधी वयाचं गणित करावं.

आता कर्ज. सरकारी बँकांत साधारणपणे कोर्स संपल्यावर एक वर्षानं हप्ता सुरू होतो. जर्मनीचे १८ महिने मोजले तर नोकरी शोधायची मुदत चालू असतानाच इकडं हप्ता सुरू. म्हणून जायच्या आधी वडिलांबरोबर बसून एका कागदावर लिहा, हप्ता किती, कुठल्या महिन्यापासून, आणि नोकरी नाही लागली तर पहिले सहा हप्ते कोण भरणार. आमच्या घरात हे बोलणं झालंच नव्हतं, वडिलांनी तीन हप्ते वर्कशॉपच्या कच्च्या मालाच्या पैशातून भरले आणि मला सहा महिन्यांनी कळलं.

आणि "पीआर (कायमचा परवाना) पक्का" म्हणणारा एजंट भेटला तर त्याला एकच विचारा, ते लेखी देणार का. आजवर मला असं लिहून दिलेला कागद कुणी आणून दाखवलेला नाही. नियम त्या त्या देशाच्या सरकारी साईटवर फुकट वाचायला मिळतात, ॲडमिशनच्या आधी एकदा, शेवटच्या सेमिस्टरला एकदा आणि अर्ज टाकायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा वाचा, कारण मी वर दिलेले आकडे तुमची बॅच बाहेर पडेपर्यंत बदललेले असू शकतात.